मुलीची मुलगी, तिची मुलगी: मायकेल इब्सेनच्या सतरा पिढ्यांचा शोध

मायकेल इब्सेन हा कॅनडात जन्मलेला आणि लंडनमध्ये राहून फर्निचर बनवणारा माणूस. २०१२ मध्ये त्याने गालाच्या आतून एक स्वॅब दिला, आणि लेस्टर शहरात एका कार पार्कखाली सापडलेला सांगाडा इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्ड राजाचा आहे हे ठरवण्यात त्या स्वॅबचा मोठा हात होता. बातम्यांमध्ये राजा गाजला, त्याच्या पाठीचा बाक गाजला, कवटीवरच्या जखमा गाजल्या. पण या प्रकरणातलं सगळ्यात कष्टाचं आणि सगळ्यात सुंदर काम म्हणजे एका साध्या माणसाच्या आईची आई, तिची आई असं करत सतरा पिढ्या मागे जाणं, आणि त्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं. म्हणून हे सविस्तर लिहितोय. वंशावळ म्हटलं की बाप-आजोबा-पणजोबा हीच रांग डोळ्यासमोर येते, इथे मात्र सगळं काम आयांच्या रांगेवर उभं आहे.

आधी राजाचं थोडक्यात. तिसरा रिचर्ड २२ ऑगस्ट १४८५ ला बॉसवर्थच्या लढाईत मारला गेला, वय ३२. लेस्टरमधल्या ग्रेफ्रायर्स नावाच्या मठाच्या चर्चमध्ये त्याला घाईघाईत पुरलं, १५३८ मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात तो मठच बंद झाला, इमारत गेली, पुढे त्या जागेवर कौन्सिलचं कार पार्क आलं. ऑगस्ट २०१२ मध्ये खोदकाम सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी पायाची हाडं दिसली. ४ फेब्रुवारी २०१३ ला लेस्टर युनिव्हर्सिटीने हा रिचर्डच असल्याचं जाहीर केलं, आणि डीएनएचा सगळा तपशील असलेला पेपर डिसेंबर २०१४ मध्ये आला.

गंमत म्हणजे वंशावळीचं काम हाडं सापडायच्या कितीतरी आधी झालं होतं आणि ते रिचर्डसाठी नव्हतंच. २००३ च्या सुमारास बेल्जियममधल्या मेखेलन इथे सापडलेली काही हाडं रिचर्डची बहीण मार्गारेट हिची आहेत का असा प्रश्न होता, आणि त्यासाठी इतिहासकार जॉन ॲशडाउन-हिल यांना तिच्या रक्ताचं आज कोणी जिवंत आहे का ते शोधायचं होतं. हाडांमधून इतक्या शतकांनी सहसा टिकतो तो माइटोकॉन्ड्रियल डीएनए, कारण पेशीत त्याच्या भरपूर प्रती असतात. तो आईकडून सगळ्या मुलांना जातो, मुलग्यांना पण मुलींना पण, मात्र पुढे फक्त मुलीच देतात, मुलग्यापाशी तो थांबतो. म्हणजे शोधायचा माणूस कसा हवा, तर मार्गारेटच्या आईपासून निव्वळ मुलगी-मुलगी-मुलगी अशा रांगेने खाली आलेला. रांगेत मध्ये एक जरी मुलगा आला तरी ती रांग बाद. मार्गारेटला स्वतःला मूलबाळ नव्हतं, म्हणून मोठी बहीण ॲन ऑफ यॉर्क, १४३९ मध्ये जन्मलेली, तिच्यापासून सुरुवात केली. आई एकच, सेसिली नेव्हिल, त्यामुळे मार्गारेट, ॲन आणि रिचर्ड तिघांचाही हा डीएनए एकच असणार.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. आपण सहसा वंशावळ खालून वर शोधतो, स्वतःपासून सुरू करून मागे. त्यात एक मोठी सोय असते की प्रत्येकाला आई असतेच, उत्तर कुठेतरी असतंच, कागद मिळाला नाही तर तो आपला प्रश्न. वरून खाली यायचं म्हणजे वेगळाच प्रकार. एकीला चार मुली, त्यातल्या दोघी लहानपणीच गेल्या, एक लग्न न करता राहिली, चौथीला फक्त मुलगे झाले, की ती अख्खी फांदी संपली आणि तुम्ही पुन्हा मागे येऊन दुसरी फांदी धरायची. असं पाचशे वर्षं. आणि प्रत्येक लग्नाला आडनाव बदलणार. मुलग्यांची रांग शोधताना निदान आडनाव हाताशी असतं, इथे दर पिढीला तेही जातं.

तर ती रांग अशी आहे. ॲन ऑफ यॉर्कची मुलगी ॲन सेंट लेजर, ती १४७६ मध्ये जन्मली आणि त्याच वर्षी आई गेली. तिच्या बापाला, म्हणजे थॉमस सेंट लेजरला, पुढे १४८३ मध्ये बंडात सामील झाल्याबद्दल याच रिचर्डने मृत्युदंड दिला, म्हणजे मामाने भाचीच्या बापाला मारलं, आणि शेवटी त्याच भाचीच्या वंशजामुळे मामाची ओळख पटली. ॲनचं लग्न मॅनर्स घराण्यात झालं, तिची मुलगी कॅथरीन मॅनर्स यॉर्कशायरच्या कॉन्स्टेबल घराण्यात गेली, कॅथरीनची मुलगी बार्बरा कॉन्स्टेबल बॅबथॉर्पांकडे गेली, तिची मुलगी मार्गारेट बॅबथॉर्प. आणि मग सुरू होतात बार्बरा. बार्बरा चोमली, तिची मुलगी बार्बरा बेलासिस, तिची बार्बरा स्लिंग्सबी, तिची बार्बरा टॅलबट, तिची बार्बरा येल्व्हर्टन, तिची बार्बरा कॅल्थॉर्प, तिची बार्बरा गॉफ-कॅल्थॉर्प. सलग सात. आईने मुलीला स्वतःचं नाव द्यायचं, तिने तिच्या मुलीला, दीडशे-दोनशे वर्षं हे चालू राहिलं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खरंच थांबलो, कारण आडनावं सगळी नवऱ्यांची आणि बापांची, पण बायकांनी आपली रांग नावात जपून ठेवलीय असं वाटतं. मुद्दाम केलं असेल का ते सांगता येणार नाही, पण शोधणाऱ्याला मात्र ही नावं जितकी आनंदाची तितकीच धोक्याची. एकाच काळात आई आणि मुलगी दोघी बार्बरा, शिवाय चुलत घरात अजून एखादी बार्बरा, की मृत्युपत्रात नुसतं माझी मुलगी बार्बरा असं लिहिलेलं बघून चुकीची बाई उचलायला वेळ लागत नाही. तिथे तारीख, गाव, नवऱ्याचं नाव आणि जमीन हे चारही जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही.

सातव्या बार्बराचं लग्न आयझॅक स्पूनर या बर्मिंगहॅमजवळच्या व्यापारी-बँकर माणसाशी झालं. राजाच्या बहिणीपासून उमराव, उमरावांपासून जमीनदार, आणि आता व्यापारी घर. त्यांच्या एका मुलीचं, तीही बार्बराच, लग्न गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या विल्यम विल्बरफोर्सशी झालं. पण आपली रांग तिच्याकडून जात नाही, तिच्या बहिणीकडून, ॲन स्पूनरकडून जाते. ॲनची मुलगी शार्लट व्हॅन्सिटार्ट नील, तिची शार्लट व्हॅन्सिटार्ट फ्रिअर, तिची म्युरियल स्टोक्स, आणि म्युरियलची मुलगी जॉय ब्राउन, जी महायुद्धानंतर इंग्लंड सोडून कॅनडात गेली, तिथे लग्न करून जॉय इब्सेन झाली आणि पत्रकारिता केली. मायकेल तिचा मुलगा.

आता कागद कुठले, हे महत्त्वाचं, कारण प्रत्येक काळाला वेगळा कागद लागतो. वरच्या एक-दोन पिढ्यांना राजदरबाराशी संबंध असल्यामुळे इतिवृत्तं, जमिनीचे दस्त, थडगी. ॲन सेंट लेजर आणि तिच्या नवऱ्याचं थडगं आजही विंडसरच्या सेंट जॉर्ज चॅपलमध्ये आहे. चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची रजिस्टरं ठेवायचा हुकूम इंग्लंडमध्ये १५३८ चा आहे, म्हणजे ज्या वर्षी तो मठ बंद झाला तेच वर्ष. पण सुरुवातीची रजिस्टरं सगळीकडे टिकलेली नाहीत, शिवाय त्या काळात यॉर्कशायरमधली बरीच मोठी घरं, बॅबथॉर्प धरून, कॅथलिक राहिली होती आणि प्रोटेस्टंट चर्चच्या रजिस्टरपासून लांब राहण्याकडे अशा घरांचा कल असायचा. तिथे कामाला येतात ते राजाच्या हेराल्ड लोकांचे दौरे, १५३० ते १६८८ या काळात हे लोक काउंटी-काउंटी फिरून कोणाला कुलचिन्ह लावायचा हक्क आहे ते तपासायचे आणि त्या निमित्ताने घराण्यांच्या वंशावळी लिहून घ्यायचे. उपयोगी आहेत पण सावध राहावं लागतं, घरच्या माणसाने सांगितलेलंच लिहिलेलं असतं, आणि मुली बहुतेक वेळा शेवटी, फक्त अमक्याची बायको एवढ्यापुरत्या.

मग १६४० ते १६६० च्या यादवीच्या धामधुमीत रजिस्टरांमध्ये मोठे खड्डे. याच काळात बार्बरा स्लिंग्सबीचे वडील सर हेन्री स्लिंग्सबी राजाच्या बाजूने राहिले म्हणून १६५८ मध्ये त्यांचा शिरच्छेद झाला, आणि अशा मोठ्या घटनेमुळे त्या घराची माहिती उलट जास्त टिकली. पुढे सगळ्यात भरवशाचे कागद म्हणजे लग्नाचे करार आणि मृत्युपत्रं. मुलीबरोबर पैसा जायचा, जमीन जायची, म्हणून तिचं नाव लिहावंच लागायचं. माझं मत विचाराल तर या सगळ्या आयांची नावं आपल्याला मिळाली ती प्रेमापोटी नाही, मालमत्तेपोटी. ज्या घरात द्यायला काही नव्हतं त्या घरातल्या मुली कागदावर आल्याच नाहीत, आणि इंग्लंडमधली बहुतेक घरं तशीच होती.

१८३७ नंतर काम सोपं होतं. १ जुलै १८३७ पासून इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी जन्म-मृत्यू-लग्न नोंदणी आहे, १८४१ पासून जनगणनेत प्रत्येकाचं नाव आहे, आणि १८५१ पासून घरप्रमुखाशी नातं आणि जन्मगाव पण आहे.

२००४ मध्ये ॲशडाउन-हिल यांनी जॉय इब्सेनशी संपर्क साधला. कॅनडात राहणाऱ्या, सत्तरी उलटलेल्या बाईला कोणीतरी सांगतो की तुम्ही एका राजाच्या बहिणीच्या थेट वंशज आहात. तिने सॅम्पल दिलं, त्यातून मातृवंशाचा गट कळला. मेखेलनच्या हाडांचा विषय बाजूला राहिला, २००८ मध्ये जॉय गेली, आणि चार वर्षांनी लेस्टरमध्ये खोदकाम सुरू झालं तेव्हा त्याच रांगेतला मायकेल लंडनमध्ये होता.

इथून पुढचा भाग मला पद्धत म्हणून सगळ्यात आवडतो. लेस्टर युनिव्हर्सिटीने आयती वंशावळ मिळाली म्हणून ती तशीच घेतली नाही. केविन शूरर यांनी प्रत्येक कडी पुन्हा स्वतंत्रपणे तपासली, अमकी ही अमकीची मुलगी याला पुरावा काय, हा प्रश्न दर पिढीला नव्याने विचारला. सतरा पिढ्यांपैकी सोळा पक्क्या असतील आणि एक नुसती बहुतेक असेल तर अख्खी वंशावळ बहुतेकच राहते. आणि दुसरं, त्यांनी अजून एक रांग शोधून काढली. कॅथरीन मॅनर्सला बार्बराशिवाय अजून एक मुलगी होती, एव्हरहिल्डा, तिच्यापासून पुन्हा मुलगी-मुलगी करत खाली येऊन वेंडी डल्डिग नावाच्या बाईपर्यंत पोचले. मायकेल आणि वेंडी हे नात्याने इतके लांबचे की दोघांमधला सामाईक दुवा सोळाव्या शतकातली एक बाई, एकमेकांची नावंही माहीत असायचं कारण नाही.

जनुकशास्त्रज्ञ टूरी किंग यांच्या टीमने तिघांचा पूर्ण माइटोकॉन्ड्रियल डीएनए वाचला, साधारण साडेसोळा हजार अक्षरं. सांगाडा आणि मायकेल यांच्यात एकही फरक नाही. वेंडीच्यात फक्त एका अक्षराचा फरक, आणि एवढ्या पिढ्यांत एखादा बदल होणं अपेक्षितच असतं. हा प्रकार दुर्मिळ पण आहे, २६ हजारांवर युरोपियन नमुन्यांच्या डेटाबेसमध्ये त्याच्याशी जुळणारा एकही सापडला नाही. समजा तो खूप कॉमन गट असता तर जुळण्याला फारसा अर्थ राहिला नसता.

आता कोणी विचारेल, आणि विचारायलाच पाहिजे, की हे गोल गोल फिरणं नाही का? वंशावळ बरोबर म्हणून सांगाडा राजाचा, आणि सांगाडा राजाचा म्हणून वंशावळ बरोबर? दुसरी रांग इथेच कामाला येते. सांगाडा पूर्ण बाजूला ठेवा. मायकेल आणि वेंडी यांचा डीएनए आपापसात जुळतो, म्हणजे कॅथरीन मॅनर्सपासून खाली दोन्ही रांगा कागदावर आहेत तशाच रक्तातही आहेत, याला हाडांची गरजच नाही. आणि उलट बाजूने, सांगाड्याचा रेडिओकार्बन काळ १४५६ ते १५३० मध्ये येतो, वय तिशीतलं, पाठीचा कणा वाकडा, मरतानाच्या जखमा, पुरलेली जागा, हे सगळं डीएनएशिवायच रिचर्डकडे बोट दाखवतं. हे सगळे पुरावे एकत्र मोजून त्यांनी हा रिचर्डच असण्याची शक्यता ९९.९९९ टक्के काढली.

तरी डीएनएला काय दिसत नाही तेही सांगायला हवं, कारण घरबसल्या किट मागवून टेस्ट करणारे बरेच जण इथे फसतात. समजा एखाद्या पिढीत मूल खरं तर मावशीचं होतं आणि कागदावर आईचं लावलं, तर माइटोकॉन्ड्रियल डीएनए हूबेहूब तोच येईल, कारण दोघी बहिणी एकाच आईच्या. म्हणजे डीएनए एवढंच सांगतो की ही सगळी माणसं एकाच मातृवंशातली आहेत, मधल्या बायकांची नावं तो सांगत नाही. नावं कागदच सांगतो.

आणि मग पुरुषांच्या रांगेची गोष्ट. तीही त्यांनी तपासली, वाय क्रोमोसोम बापाकडून मुलग्याला जातो म्हणून. रिचर्डचे पूर्वज तिसऱ्या एडवर्डपर्यंत, आणि तिथून एडवर्डच्या वेगळ्या एका मुलाकडून, जॉन ऑफ गाँटकडून खाली येत पाचवा ड्यूक ऑफ बोफर्ट, जो १७४४ ते १८०३ या काळात होऊन गेला. त्याचे पाच जिवंत पुरुष वंशज तपासले. ही रांग म्हणजे इंग्लंडमधल्या सगळ्यात नीट लिहून ठेवलेल्या वंशावळींपैकी एक, आडनाव, पदवी, जमीन, सगळं सोबत. आणि तीच जुळली नाही. चौघं एका गटात, पाचवा वेगळ्याच गटात, आणि रिचर्ड तिसऱ्याच. म्हणजे पाचव्याच्या बाबतीत अलीकडच्या काही पिढ्यांत, आणि वर एडवर्डपासूनच्या १९ कड्यांमध्ये निदान एका ठिकाणी, कागदावरचा बाप आणि खरा बाप वेगळे होते. पिढीमागे एक-दोन टक्के हा नेहमीचा दर धरला तर १९ कड्यांत असं कुठेतरी होण्याची शक्यता साधारण १६ टक्के निघते, म्हणजे यात कोणाच्या घरावर शिक्का मारण्यासारखं काही नाही. बातम्यांनी लगेच रिचर्डनंतर गादीवर आलेल्या ट्यूडर राजांच्या सिंहासनाच्या हक्कावर गप्पा सुरू केल्या, पण कडी नेमकी कुठे तुटली तेच माहीत नसताना त्या गप्पांना आधार नाही.

मला यातलं हेच सांगावंसं वाटतं. ज्या रांगेला आडनाव होतं, पदव्या होत्या, जिच्यासाठी कारकून नेमले होते, ती तुटली. जी रांग कडेच्या ओळींमध्ये, मृत्युपत्राच्या तळाशी, लग्नाच्या करारात अशी विखुरलेली होती ती पाचशे वर्षं अखंड निघाली. आई कोण हे लपवणं अवघड असतं, बाळंतपणाला साक्षीदार असतात. तरी आपण वंश लिहितो तो बापाचाच.

मायकेल राजाचा वारस वगैरे झाला का, तर नाही. सतराव्या पिढीला कागदावर पूर्वजांच्या १,३१,०७२ जागा असतात, त्यातली ही एक. बऱ्याच जागांवर तीच तीच माणसं परत येतात हे धरूनही, बाकीच्या हजारो पूर्वजांबद्दल ही रांग काहीच सांगत नाही. रिचर्डच्या लांबच्या नातेवाइकांच्या एका गटाने त्याला यॉर्कमध्ये पुरावं म्हणून कोर्टात केस केली होती, मे २०१४ मध्ये हायकोर्टाने ती फेटाळली. मार्च २०१५ मध्ये रिचर्डला लेस्टर कॅथेड्रलमध्ये पुरलं, आणि त्याची ओकची शवपेटी मायकेलने स्वतःच्या हाताने बनवली होती.

ज्यांना इंग्लंडमधल्या साध्या घराची आयांची रांग अशी शोधायची असेल त्यांच्यासाठी एक अडचण सांगतो. तिथल्या लग्नाच्या सर्टिफिकेटवर नवरा-नवरीच्या फक्त वडिलांची नावं असायची, आईचं नाव तिथे लिहायला सुरुवात झाली थेट मे २०२१ मध्ये. जनगणनेत लग्न झालेली बाई नवऱ्याच्या आडनावाने. १८१३ नंतरच्या बाप्तिस्म्याच्या छापील फॉर्मवर आईचं नाव असतं पण माहेरचं आडनाव नाही. माहेरचं आडनाव नक्की मिळतं ते जन्माच्या सर्टिफिकेटवर, १८३७ पासून. आणि सरकारी नोंदणी कार्यालयाच्या नव्या ऑनलाइन इंडेक्समध्ये आईच्या माहेरच्या आडनावाने १८३७ पासून शोधता येतं, आधीच्या छापील इंडेक्समध्ये ते १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच होतं. म्हणून पणजीचं माहेर शोधायचं तर तिच्या लग्नाच्या मागे लागण्याआधी तिच्या कुठल्याही एका मुलाचा जन्माचा दाखला मागवायचा, आणि जमलं तर दोन मुलांचे, म्हणजे दोन्हीवर तेच आडनाव आहे का ते लगेच कळतं.